गट पाडले म्हणजे टीमवर्क शिकवलं असं नाही: नवशिक्या प्रोग्रॅमरांना एकत्र काम करायला शिकवण्याची पद्धत

प्रोजेक्ट जाहीर होतो, चार-चार जणांचे गट पडतात, विषय वाटले जातात. 'सहा आठवड्यांनी सादरीकरण' एवढं सांगून शिक्षक मोकळे. पहिले चार आठवडे सामसूम. पाचव्या आठवड्यात ग्रुपवर 'कोणी काय केलं?' असा मेसेज पडतो आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. शेवटच्या दोन रात्रींत गटातला एक जण सगळा कोड लिहून काढतो. बाकीच्यांकडे रिपोर्ट, स्लाइड्स आणि सादरीकरणाच्या वेळी मागे उभं राहणं. गुण चौघांना सारखेच.

मी असे प्रोजेक्ट सलग चार वर्षं घेतले आणि दर वर्षी 'मुलं आळशी आहेत' म्हणून हात झटकले. मग एकदा तासांचा हिशोब मांडला. लूपसाठी सहा तास, फंक्शनसाठी पाच. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये बदल कसा करायचा, काम कसं वाटून घ्यायचं, 'मला हे जमत नाहीये' असं गटाला कसं सांगायचं, यासाठी शून्य. जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घेत होतो.

खालचा क्रम साधारण चौदा आठवड्यांच्या सत्रासाठी आहे. पहिले दोन आठवडे प्रत्येकाने एकट्यानेच काम करायचं. ज्याला स्वतःला दहा ओळींचा प्रोग्रॅम चालवता येत नाही, त्याला गटात टाकलं की तो पहिल्याच दिवशी प्रेक्षक होतो. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. बहुतेकांची गाडी घसरते ती दोन आणि चार नंबरचा टप्पा गाळून थेट पाचवर उडी मारल्यामुळे.

## तयारी: सत्र सुरू होण्याआधी

काम निवडा आणि स्वतः करून बघा. प्रोजेक्ट एवढा लहान नको की हुशार मुलगी एका रात्रीत संपवेल, आणि एवढा मोठाही नको की कुठून सुरुवात करायची तेच कळू नये. टिक-टॅक-टो गटासाठी वाईट. त्याचा सगळा जीव एका लूपमध्ये आणि एका जिंकलं-का तपासणाऱ्या फंक्शनमध्ये असतो. चौघांना वाटायला त्यात काही उरत नाही. 'एक वेबसाइट बनवा' हे तर त्याहून वाईट. मी प्रश्नमंजुषेचा प्रोग्रॅम देतो: फाइलमधून प्रश्न वाचणं, प्रश्न विचारून उत्तर घेणं, उत्तर तपासून गुण मोजणं, निकाल जतन करून दाखवणं. चार भाग, प्रत्येक भाग वेगळ्या फाइलमध्ये बसणारा, आणि दोन भागांमधली देवाणघेवाण एका ओळीत सांगता येईल अशी.

आधी घड्याळ लावून सगळं स्वतः लिहा. मला पाच-सहा तास लागले तर चार नवशिक्यांना पाच आठवडे पुरतात, असा माझा अंदाज आहे. तुमच्या वर्गाप्रमाणे तो कमी-जास्त करा.

गुण कशाला मिळणार ते आधी ठरवा आणि लिहून द्या. माझ्याकडे १०० पैकी ५० गटाच्या प्रोग्रॅमला, २० काम कसं केलं त्याला आणि ३० प्रत्येकाच्या तोंडी परीक्षेला. नेमका हिशोब शेवटच्या टप्प्यात दिला आहे. पण तो मुलांच्या हातात पहिल्या आठवड्यात पडला पाहिजे.

साधनं एकसारखी ठेवा. सगळ्यांकडे पायथॉनची तीच आवृत्ती, तोच एडिटर, तेच गिट (कोडमधले बदल नोंदवणारं आणि जुळवणारं साधन). गटाच्या कामासाठी जुपिटर नोटबुक (कोडचे तुकडे 'सेल'मध्ये लिहून तिथेच चालवायची फाइल) वापरू नका. नोटबुकच्या फाइलमध्ये कोडबरोबर आउटपुट आणि सेल कितव्यांदा चालवला त्याचे आकडेही साठतात. त्यामुळे दोघांनी कोडला हात न लावता नुसतं चालवून बघितलं तरी फाइल बदलते आणि गिट झगडायला उठतं. साध्या पायथॉन फाइलच बऱ्या.

गटासाठी लॅबमधला वेळ राखून ठेवा. आठवड्यातून निदान एक तास, तुमच्या डोळ्यांसमोर. 'बाहेर भेटून करा' म्हटलं की ते बाहेर भेटत नाहीत.

> तपासा: प्रोजेक्टचे भाग कागदावर चार चौकोनांत काढा. प्रत्येक दोन चौकोनांमधल्या बाणावर 'इकडून तिकडे काय जातं' ते एका ओळीत लिहिता येत नसेल, तर विषय बदला.

## टप्पा १: आधी जोडी (आठवडे ३ ते ५)

चौघांचं एकत्र काम शिकवायच्या आधी दोघांचं शिकवा. एक संगणक, दोन माणसं. कीबोर्ड ज्याच्या हातात तो ड्रायव्हर, शेजारी बसून विचार करणारा नॅव्हिगेटर.

1. वर्गासमोर आधी तुम्ही करून दाखवा. एखाद्या विद्यार्थ्याला नॅव्हिगेटर करा, तुम्ही ड्रायव्हर व्हा आणि मुद्दाम एक चूक करा. ती त्याला पकडू द्या.
2. नियम सांगा: नॅव्हिगेटरचा हात कीबोर्डला आणि माउसला लागायचा नाही. अजिबात नाही.
3. घड्याळ लावा. दर १२ मिनिटांनी अदलाबदल. गजर वाजला की ओळ अर्धी असली तरी खुर्च्या बदलायच्या.
4. दर आठवड्याला जोडी बदला.
5. संख्या विषम असेल तर तिघांचा एक गट, दोन नॅव्हिगेटर. कुणालाही एकटं ठेवू नका.

दुसरा नियम सांगायला सोपा, पाळायला महाकठीण. ज्याला येतं त्याचे हात शिवशिवतात. एका जोडीत मी बघितलं, नॅव्हिगेटर मुलगा हात मागे बांधून बसला होता, नियम तंतोतंत पाळत होता, आणि तोंडाने सांगत होता: 'आता फॉर लिही. स्पेस दे. आय लिही. स्पेस. इन. रेंज. कंस.' ड्रायव्हर मुलगी टायपिस्ट झाली होती. नियम पाळला गेला आणि शिकणं मात्र शून्य.

म्हणून नॅव्हिगेटरने काय बोलायचं तेही शिकवावं लागतं. फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे 'हे नको': इथे कोलन टाक, असं नाही रे, दे इकडे. उजवीकडे 'हे हवं': लिस्ट रिकामी आली तर काय होईल? हा व्हेरिएबल कुठे बदलतोय? आधी एवढंच चालवून बघू या का? तो फळा तीन आठवडे पुसू नका. पहिल्या दिवशी मुलं उजवीकडची वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणतात आणि हसतात. हसू द्या.

जोड्या लावताना अगदी वरचा आणि अगदी खालचा एकत्र बसवण्याचा मोह होतो, कारण 'तो त्याला शिकवेल' असं वाटतं. तो शिकवत नाही, करून टाकतो. जवळपासच्या पातळीचे दोघे बसवा. अडखळणारे दोघे एकत्र आले तर हळू जातील, पण दोघेही जातील.

> तपासा: तास संपायच्या पाच मिनिटं आधी कुठल्याही जोडीजवळ जा आणि त्या क्षणी ज्याच्या हातात कीबोर्ड नाही त्याला विचारा, 'शेवटच्या पाच ओळी काय करतात?' तिसऱ्या आठवड्यात अर्धेजण गडबडतात. पाचव्यातही तेवढेच गडबडत असतील तर पुढच्या टप्प्याला जायची घाई करू नका.

## टप्पा २: गट तुम्ही पाडा (आठवडा ६)

'आपापले गट करा' असं म्हणू नका. मित्र मित्रांबरोबर जातात, हुशार हुशारांबरोबर, आणि शेवटी पाच-सहा जण उरतात ज्यांना कुणीच घेतलं नाही. ते पूर्ण वर्गासमोर उरतात. त्यांचा एक गट होतो आणि तो बुडतो. शिवाय मित्रांच्या गटात कामचुकार मित्राला कुणी बोलत नाही. प्रोजेक्टपेक्षा मैत्री मोठी असते, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

आधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्या:

- आठवड्यात कोणकोणत्या वेळी मोकळे आहात?
- या विषयाला आठवड्याला किती तास देणार? (खरं लिहा.)
- पास झालं तरी चालेल, की वरचे गुण हवेत?
- मदतीशिवाय फंक्शन लिहिता येतं का?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ज्यांच्या मोकळ्या वेळा जुळत नाहीत असे चार अतिशय गुणी विद्यार्थी एकत्र टाकले तरी तो गट कागदावरच राहतो. नंतर तिसरा. एकीला पहिलं यायचंय आणि तिघांना पास व्हायचंय, असा गट झाला की भांडण ठरलेलं.

गट चौघांचा ठेवा. चौघांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात ६, पाच जणांत १०, सहा जणांत १५. तेवढ्या वाटांनी निरोप जायचे असतात आणि तेवढ्या ठिकाणी ते अडकतात. सहा नवशिक्यांचा गट म्हणजे बारभाईची शेती. मग तिघांचा का नाही? एकाने मध्येच विषय सोडला तर दोघेच उरतात. चौघांतून एक गेला तर गाडी चालते.

आणखी एक. वर्गात मुली थोड्या असतील तर प्रत्येक गटात एक-एक अशी 'समान' वाटणी करू नका. तीन मुलं आणि एक मुलगी असा गट झाला की रिपोर्ट आणि सुंदर अक्षर तिच्याकडे जातं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता प्रयोग करायची गरज वाटत नाही. काही गटांत दोन मुली, काही गटांत एकही नाही, हे चालेल. संख्येने कमी असलेल्या कुठल्याही समूहाला हेच लागू.

तक्रारी येतील. 'सर, आम्हाला बदलून द्या ना.' माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन आठवडे काम करा, मग लेखी कारण आणा. दोन आठवड्यांनी क्वचितच कुणी येतं.

## टप्पा ३: करारनामा (त्याच आठवड्यात, एक तास)

गट पडला त्याच दिवशी, कोडचं नावही न काढता, प्रत्येक गटाने एक पान लिहायचं. पहिल्या मसुद्यात हमखास अशी वाक्यं येतात: 'सगळे वेळेवर काम करतील', 'एकमेकांना मदत करतील'. ही परत करा. ज्या वाक्यावरून कुणी चुकलं की नाही हे ठरवता येत नाही, ते वाक्य करारात नको.

एका गटाने परत लिहून आणलेलं असं होतं: 'मेसेजला रात्री नऊपर्यंत उत्तर द्यायचं. वेळ नसेल तर "उद्या बघतो" एवढं तरी लिहायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत प्रत्येकाने आपलं काम पुश केलेलं (गिटने गटाच्या साठ्यात पाठवलेलं) असायला हवं, अर्धवट असलं तरी. सलग दोन शुक्रवार काही आलं नाही तर बाकीचे तिघे त्याच्याशी बोलतील, आणि तरीही नाही आलं तर सरांना सांगतील. सरांना सांगणं म्हणजे चुगली नाही.' शेवटचं वाक्य माझं नव्हतं, त्यांचंच होतं. तेव्हापासून मी ते प्रत्येक गटाला सुचवतो.

करारात एवढं आलंच पाहिजे: भेटायची वेळ, निरोपाची जागा आणि उत्तराची मुदत, मतभेद झाला तर निर्णय कसा घ्यायचा, आणि कुणी गायब झालं तर कोणत्या क्रमाने काय करायचं. चौघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे.

## टप्पा ४: गिटचा सराव आणि मुद्दाम घडवलेला मर्ज कॉन्फ्लिक्ट (आठवडा ७)

प्रोजेक्ट सुरू झाल्यावर गिट शिकवणं म्हणजे पुरात पोहायला शिकवणं. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की ते जोडताना (मर्ज करताना) गिट अडतं, तो मर्ज कॉन्फ्लिक्ट. हा पूर्ण आठवडा फक्त यासाठी ठेवा. प्रोजेक्टचा कोड नाही, फक्त एक साधी मजकुराची फाइल. त्यात पहिली ओळ 'गटाचं नाव:' आणि खाली चौघांची एकेक ओळ.

सुरू करण्याआधी प्रत्येक संगणकावर गिटची सेटिंग बघा. आवृत्ती २.३३ पासून, दोघांचे बदल वेगवेगळ्या दिशांना गेले असतील आणि ते कसे जुळवायचे हे आधी ठरवलेलं नसेल, तर गिट पुल (इतरांचे बदल आपल्याकडे आणणारी आज्ञा) एररचा संदेश देऊन थांबतं. नवशिक्याला तो संदेश कळत नाही आणि तास तिथेच संपतो. 'पुल.रिबेस' ही सेटिंग आधीच 'फॉल्स' करून ठेवा. मग पुल नेहमी मर्ज करेल. नाव आणि ईमेलही भरून घ्या, नाहीतर कमिट (बदलाची नोंद) कुणाचं ते नंतर ओळखता येत नाही.

आता सराव. दोघे समोरासमोर बसतात, त्यांना पहिली आणि दुसरा म्हणू.

1. दोघेही रिपॉझिटरी (गटाच्या फाइलींचा साठा) क्लोन करतात, म्हणजे आपापल्या संगणकावर उतरवतात.
2. पहिली 'गटाचं नाव:' या ओळीत एक नाव लिहिते, कमिट करते, पुश करते. सुरळीत जातं.
3. दुसरा पुल न करता त्याच ओळीत वेगळं नाव लिहितो, कमिट करतो, पुश करतो. गिट नकार देतं.
4. इथे थांबा. सगळ्या वर्गाला तो नकाराचा संदेश मोठ्याने वाचायला लावा. त्यात काय करायचं ते लिहिलेलं असतं, पण लाल अक्षरं दिसली की कुणी वाचत नाही.
5. दुसरा पुल करतो. आता फाइलमध्ये कॉन्फ्लिक्टच्या खुणा दिसतात.
6. खुणांचा अर्थ सांगा. `<<<<<<<` पासून `=======` पर्यंत त्याचं स्वतःचं, तिथून `>>>>>>>` पर्यंत समोरून आलेलं.
7. दोघे बोलून ठरवतात कोणतं नाव ठेवायचं. मग तिन्ही खुणा पुसायच्या, ॲड, कमिट, पुश.
8. भूमिका बदलून पुन्हा. गटातल्या चौघांनीही एकेकदा स्वतःच्या हाताने कॉन्फ्लिक्ट सोडवला पाहिजे.

सातव्या पायरीतला 'बोलून' हा शब्द सगळ्यांत मोठा. कोणती ओळ खरी हे गिटला माहीत नसतं, ते माणसांना विचारतं. बहुतेक मुलं मान खाली घालून स्वतःची ओळ ठेवतात आणि समोरच्याची पुसतात. तसं दिसलं तर तिथल्या तिथे थांबवून पुन्हा करायला लावा.

> सावधान, हे चार प्रकार हमखास होतात:
> - घाबरून फोल्डर उडवून नव्याने क्लोन करणं. पुश न केलेलं सगळं काम त्याबरोबर जातं.
> - इंटरनेटवर शोधून फोर्स पुश (गिटचा नकार डावलून केलेला पुश) करणं. स्वतःचं काम पोचतं, पण सोबत्याचं पुसलं जातं. शक्य असेल तिथे मुख्य ब्रांचला (गटाचा पक्का कोड असतो ती शाखा, तिलाच मेन म्हणतात) संरक्षण लावून हे बंदच करा.
> - खुणा तशाच ठेवून कमिट करणं. पायथॉनच्या फाइलमध्ये लगेच सिंटॅक्स एरर येते, पण मजकुराच्या फाइलमध्ये त्या महिनाभर कुणाला दिसत नाहीत.
> - 'फायनल', 'फायनल२', 'खरंच_फायनल' अशा फाइली बनवणं आणि गिटला चुकवून त्या ग्रुपवर पाठवणं.

हा सराव झाल्यावर ब्रांच आणि पुल रिक्वेस्ट शिकवायला एक तास पुरतो. नियम एकच: मेन ब्रांचमध्ये थेट काही जायचं नाही. आपल्या ब्रांचवर काम करायचं, पुल रिक्वेस्ट ('माझे बदल मेनमध्ये घ्या' अशी विनंती) काढायची, गटातल्या दुसऱ्या कुणीतरी वाचून मान्य केल्यावरच मर्ज.

## टप्पा ५: वाटणीच्या आधी सांगाडा (आठवडा ८)

'मी इनपुट करतो, तू आउटपुट कर, तू रिपोर्ट' अशी वाटणी पाच मिनिटांत होते आणि तिचे परिणाम पाच आठवडे भोगावे लागतात. क्रम असा ठेवा:

1. चौघांनी मिळून, एकाच संगणकावर, चार रिकामी फंक्शन्स लिहायची. आतून प्रत्येक फंक्शन खोटं, ठरलेलं उत्तर परत करतं. प्रश्न वाचणारं फंक्शन फाइल न उघडता एकच पक्का प्रश्न देतं, गुण मोजणारं नेहमी ५ देतं.
2. मुख्य प्रोग्रॅम त्या चारही फंक्शन्सना हाक मारतो आणि पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत चालतो.
3. प्रत्येक फंक्शनचं कार्ड बनवायचं: नाव, आत काय येतं, बाहेर काय जातं, आणि खऱ्या किमतींचं एक उदाहरण.
4. मग प्रत्येकाने एकेक फंक्शन घ्यायचं.
5. रिपोर्ट हे स्वतंत्र काम नाही. आपापल्या भागाबद्दल प्रत्येकाने लिहायचं.

उदाहरण का हवं ते सांगतो. एका गटाच्या कार्डावर 'बरोबर उत्तराचा क्रमांक परत करतो' एवढंच होतं. दोघांचे भाग स्वतंत्रपणे उत्तम चालत होते. जोडले, आणि खेळणाऱ्याला कायम शून्य गुण. एरर नाही, लाल अक्षर नाही. दोन दिवस 'तुझ्या फंक्शनमध्ये घोळ आहे', 'नाही, तुझ्याच' असं चाललं. मी शेजारी बसून दोन्ही किमती प्रिंट करायला सांगितल्या.

स्क्रीनवर आलं: ३ आणि ३.

'बघा सर, सारखेच आहेत!'

'टाइप प्रिंट कर.'

एक स्ट्रिंग निघाली, एक पूर्णांक. फाइलमधून वाचलेलं उत्तर मजकूर म्हणून आलं होतं, आणि खेळणाऱ्याचं उत्तर दुसऱ्याने पूर्णांकात बदलून घेतलं होतं. पायथॉनला मजकुरातलं ३ आणि संख्येतलं ३ सारखं वाटत नाही, आणि ते तक्रारही करत नाही. ते दुरुस्त केलं तरी काही प्रश्नांना गुण चुकतच होते, कारण एकाने पर्याय शून्यापासून मोजले होते आणि दुसऱ्याने एकपासून. दोघांपैकी कुणाचाही कोड चूक नव्हता. कार्डावर 'उदाहरणार्थ ३, पूर्णांक, मोजणी १ पासून' एवढं लिहिलं असतं तर दोन दिवस आणि एक मैत्री वाचली असती.

> तपासा: आठव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक गटाचा सांगाडा तुमच्या संगणकावर क्लोन करून चालवा. चालला नाही तर वाटणी रोखा. तो गट एक आठवडा मागे पडेल, पडू द्या.

## टप्पा ६: आठवड्याची लय (आठवडे ९ ते १२)

लॅबच्या तासाची पहिली दहा मिनिटं उभ्याने बैठक. प्रत्येकाने सांगायचं: काय झालं, आता काय करणार, कुठे अडलंय. यात माझी एकच भर आहे: 'झालं' म्हणणाऱ्याने ते चालवून दाखवायचं. 'जवळजवळ झालंय' हे उत्तर मी नोंदवहीत 'नाही' असं लिहितो.

रोज थोडं मर्ज करायला लावा. जोडणी शेवटच्या आठवड्यावर ढकलली की वरच्यासारखे दहा घोळ एकाच दिवशी निघतात.

कोड रिव्ह्यू, म्हणजे सोबत्याचा कोड वाचून त्यावर मत देणं, शिकवावा लागतो. न शिकवता सोपवला तर दोनच प्रकार दिसतात: 'छान!' किंवा 'हे चुकीचं आहे'. दोन्ही निरुपयोगी. मी प्रत्येक रिव्ह्यूमध्ये तीन गोष्टी मागतो: कोड स्वतःच्या संगणकावर चालवून काय इनपुट दिलं, एक खरा प्रश्न, आणि एक सूचना जी लिहिणाऱ्याला नाही तर कोडला उद्देशून आहे. 'तू रिकामी फाइल विसरलास' नको, 'फाइल रिकामी असेल तर हे फंक्शन थांबतं' हवं.

## टप्पा ७: बिघडलं तर

गायब होणारा लवकर लक्षात येतो. कराराप्रमाणे आधी गट बोलतो, मग लेखी कळवतो, मग तुम्ही चौघांना एकत्र बोलावता. एकेकट्याला बोलावून तीन वेगळ्या कहाण्या ऐकत बसू नका. हे सगळं दहाव्या आठवड्याच्या आत. बाराव्या आठवड्यात आलेल्या तक्रारीवर कुणीच काही करू शकत नाही.

आणि गायब म्हणजे कामचुकार असं आधीच ठरवू नका. एक मुलगा दोन आठवडे फिरकला नाही. गट चिडलेला. चौकशी केली तर त्याच्या लॅपटॉपवर पायथॉन चालेनासं झालं होतं आणि 'एवढंही येत नाही' म्हणतील म्हणून तो सांगत नव्हता. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली.

याहून अवघड असतो तो सगळं स्वतः करणारा. त्याची तक्रार कुणी करत नाही, उलट गट खूश असतो. तो रात्रीत दुसऱ्याचं फंक्शन 'नीट' करून ठेवतो, आणि ज्याचं होतं तो पुढच्या आठवड्यापासून लिहिणंच सोडतो. अशा विद्यार्थ्याला मी सरळ सांगतो: दुसऱ्याच्या फाइलमध्ये तुझे कमिट दिसले तर तुझे गुण कमी होतील. तुला चूक दिसली तर रिव्ह्यूत लिही, किंवा त्याच्या शेजारी नॅव्हिगेटर म्हणून बस. पहिल्या टप्प्यातला हात न लावण्याचा नियम इथे कामाला येतो.

## टप्पा ८: गुण

दहाव्या आठवड्यात एकदा आणि शेवटी एकदा प्रत्येकाने उरलेल्या तिघांना १०० पैकी गुप्तपणे गुण द्यायचे: ठरलेलं काम केलं का, निरोपांना उत्तर दिलं का, इतरांचा कोड वाचला का, अडल्यावर सांगितलं का. पहिल्या वेळचे आकडे मोजत नाही. ते फक्त त्या विद्यार्थ्याला दाखवायचे, म्हणजे सुधारायला वेळ मिळतो.

शेवटचा हिशोब असा. समजा गटाच्या प्रोग्रॅमला ५० पैकी ४० मिळाले. सोबत्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी चौघांसाठी ८८, ८४, ८० आणि ४८. चौघांची मिळून सरासरी ७५. प्रत्येकाचा आकडा ७५ने भागायचा: १.१७, १.१२, १.०७, ०.६४. वरची मर्यादा मी १.०५ ठेवतो, म्हणजे कुणी गुणांसाठी हिरो होत नाही. मग ४० ला या गुणकाने गुणायचं: पहिल्या तिघांना ४२, चौथ्याला साधारण २६.

कुणाचाही गुणक ०.८च्या खाली गेला तर तो लावायच्या आधी त्या विद्यार्थ्याशी बोला आणि कमिट, रिव्ह्यू, बैठकीच्या नोंदी बघा. तिघांनी मिळून एकावर राग काढणं अशक्य नाही.

> सावधान: कमिटची संख्या मोजून गुण देऊ नका. गिटमध्ये एका आज्ञेत कुणाचे किती कमिट ते दिसतं, म्हणून मोह होतो. हे मुलांना कळलं की एकेका स्वल्पविरामाला कमिट पडायला लागतं. शिवाय जोडीने केलेलं काम एकाच्याच नावावर दिसतं. जोडीने केलं असेल तर कमिटच्या संदेशात दुसऱ्याचं नाव लिहायची सवय लावा.

काम कसं केलं त्याचे २० गुण करार, कार्डं आणि रिव्ह्यू बघून द्या. यात फार वेळ घालवू नका.

तोंडी परीक्षा प्रत्येकाची वेगळी, आठ-दहा मिनिटं. चार मिनिटं स्वतःच्या भागावर. मग सोबत्याची फाइल उघडायची आणि एक छोटा बदल मागायचा: 'चुकीच्या उत्तराला पाव गुण कापायचा. कुठे बदलशील? करून दाखव.' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'सर, तो भाग माझा नाही.' मी काही बोलत नाही. पुल रिक्वेस्टचं पान उघडतो आणि ती फाइल वाचून कुणी मान्य केली होती ते नाव त्यालाच वाचायला सांगतो. नाव त्याचंच निघालं की स्क्रीन त्याच्याकडे वळवतो आणि उरलेली चार मिनिटं गप्प बसतो.